चासीला रंग कुठला?

[दृश्य: रत्नागिरीजवळच्या एका घराची पडवी. ओंडक्यांवर ठेवलेली जीपची उघडी चासी.]

बॉडी उतरली, इंजिन उतरलं. उरलीय ती नुसती चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. जुन्या महिंद्रा सीजे-३बीची. दोन लांब दांडे, मध्ये आडवे क्रॉस मेंबर, सगळं रिबिटांनी जखडलेलं. लांबून ठणठणीत दिसते. पण रिबिटाशेजारी पेचकस टोचला की पापुद्रे सुटतात. दोन पत्रे एकमेकांवर बसतात त्या फटीत पाणी मुरतं, गंज धरतो, आणि गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. पत्रा फुगलाय तो त्यामुळेच.

पूर्वी मृगाआधी चासीला जळकं ऑइल फासायचे. हसू नका, गंज खरंच लांब राहायचा. फक्त ते ऑइल पावसाबरोबर अंगणभर पसरायचं.

[दृश्य: क्रॉस मेंबरचा जोड, अगदी जवळून.]

गॅल्व्हनायझिंगची शिफारस पुष्कळजण करतात. सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात अख्खी चासी बुडवायची. चरा पडला तरी शेजारचं जस्त स्वतः झिजून लोखंडाला सांभाळतं, हे खरं. पण त्याआधी चासी आम्लात बुडवावी लागते, आणि ते आम्ल याच फटींमध्ये अडकून बसतं. शिवाय तापून दांडा वाकण्याची भीती. आणि जाड जस्ताखाली चासी नंबर बुजला, तर आरटीओत पेन्सिल घासून उमटवणार काय?

पावडर कोटिंग दिसतं झकास. रंगाची कोरडी पावडर फवारायची, मग ती भट्टीत २०० अंशांच्या आसपास भाजून निघते. पण पावडर आतल्या कोपऱ्यांत नीट बसत नाही, आणि एक खडा लागून टवका उडाला की गंज त्या कातडीखालून गुपचूप पसरत जातो. वरून कळतही नाही. चासीला तरी मी ते करणार नाही.

म्हणून टू-पॅक इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंग आणि हार्डनर असे दोन डबे मिसळून लावायचा पहिला हात. टवका उडाला तर घरी ब्रशने दुरुस्त होतो.

[दृश्य: ब्लास्टिंगनंतरची राखाडी चासी. नंबरावर जाड टेप.]

ब्लास्टिंग, म्हणजे बारीक कणांच्या माऱ्याने जुना रंग आणि गंज उडवणं, झालं की उघड्या लोखंडाला हात लावायचा नाही. समुद्रकाठच्या दमट हवेत सकाळी टेकलेला तळवा संध्याकाळी पाचही बोटांसकट तांबूस उमटतो. प्रायमर त्याच दिवशी. आधी ब्रशने रिबिटं आणि जोड भरायचे, स्प्रे गन नंतर. इपॉक्सी उन्हात पांढुरका पडतो, म्हणून वर काळा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. त्याच्या हार्डनरची वाफ छातीत जाते. नाकावर बांधलेला रुमाल तिथे कामाचा नाही, बाहेरून हवा देणारा मास्कच हवा.

शेवटी पोकळ भाग. दांडा पेटीसारखा बंद आहे तिथे लांब नळीने पातळ मेण मारायचं. खालची पाणी जायची भोकं मात्र उघडी ठेवायची.

[दृश्य: भोकाखाली धरलेली बोटं.]

पहिली भोकं कोरडीच. तिसऱ्यातून मेण टपकलं. नळी थोडी मागे घ्या, परत मारा.