कापडाच्या भावात नदी धरलेली नाही

(इचलकरंजीत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, मी सत्तावीस वर्षं प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड धुऊन रंगवण्याच्या कामात काढली. तेव्हा आज बोलायची सुरुवात आयोडिनच्या थेंबापासून करतो.

इथं बसलेल्या निम्म्या लोकांना सायझिंग म्हणजे काय ते सांगायला नको. मागावर सूत तुटू नये म्हणून ताण्याला खळ देतात. कापड विणून झालं की ती खळ काढावी लागते, नाहीतर रंग धरत नाही. खळ पूर्ण निघाली का, हे बघायला कापडावर आयोडिनचा थेंब टाकायचा. निळा डाग पडला तर खळ शिल्लक आहे, माल परत घ्या. पिवळट राहिला तर पास. असे हजारो थेंब मी टाकले असतील. पण कापडातून गेलेली खळ कुठं गेली, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

ती काळ्या ओढ्यात गेली आणि तिथून पंचगंगेत.

खळ म्हणजे शेवटी पीठच. ते विष नव्हे, आणि म्हणूनच फसायला होतं. नदीतले जिवाणू त्या पिठावर तुटून पडतात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. आपल्याकडच्या हवेत एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेवढ्यावर सगळी नदी जगते. तो संपत आला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. तेरवाडच्या बंधाऱ्यावर उन्हाळ्यात ज्यांनी ते पाहिलंय, त्यांना मी वेगळं काही सांगत नाही. त्या माशांचा जीव गुदमरून जातो. त्यात रंग, कॉस्टिक, मीठ हे वेगळंच.

आता खर्चाचं बोलू. कारण भांडण तिथंच आहे.

प्रोसेसवाल्याला विचारा, तो म्हणतो, मी जॉबवर, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम करतो, मीटरमागे ठरलेला दर मिळतो, त्यात पाणी शुद्ध करायचे पैसे कुठून आणू? त्याचं खोटं नाही. मागच्या पायरीवर खर्चीवाला यंत्रमागधारक उभा आहे, त्याला तर पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबानं मजुरी मिळते, ती वाढवून घ्यायलाच त्याला मोर्चे काढावे लागतात. सूतही त्याचं नाही आणि कापडही त्याचं नाही. व्यापारी म्हणतो, मी भाव वाढवला तर गिऱ्हाईक दुसऱ्या गावाला जाईल. म्हणजे साखळीतला प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो आणि शेवटचं बोट नदीकडे जातं. तिला दर ठरवता येत नाही.

मी जिथं काम केलं तिथं रात्री शुद्धीकरणाच्या टाकीतले, पाण्यात हवा मिसळणारे पंखे बंद व्हायचे. विजेचं बिल वाचायचं. मला ठाऊक होतं, मी गप्प बसलो. ते मला आज इथं मोकळेपणानं सांगायचंय. कारण यंत्रणा बसवली की प्रदूषण थांबतं, असं आपण समजतो. बसवण्याचा पैसा एकदाच लागतो, अनुदानातूनही येतो. चालवण्याचा पैसा रोज लागतो, आणि चोरी तिथं होते.

हे सगळं कारखान्यांवर ढकलूनही चालणार नाही. कोल्हापूरचा जयंती नाला याच नदीला येऊन मिळतो. आपल्या घरातलं सांडपाणी आपलंच आहे, साखर कारखान्यांचा वाटा आहे. रंगीत पाणी डोळ्यांत भरतं, मैलापाणी भरत नाही, एवढाच फरक.

नदी साफ न करण्यालाही पैसे लागतात, हे आपण धरतच नाही. पंचगंगेच्या काठावरचं आपलं गाव. पण पिण्याच्या पाण्यासाठी आपण मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी आणलं. मग दानोळीहून वारणा मागितली, तिथल्या लोकांनी विरोध केला. मग सुळकूडहून दूधगंगा मागितली, तिथंही विरोध झाला. दानोळीकरांवर राग काढून काय उपयोग? आपली नदी खराब करून आपण त्यांच्या नदीवर हक्क सांगायला गेलो, असं त्यांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं? जलवाहिन्या, पंप, वीज हा सगळा पंचगंगेच्या प्रदूषणाचाच खर्च आहे, फक्त तो कापडाऐवजी पाणीपट्टीच्या खात्यात लिहिला जातो. 2012 साली या गावात काविळीची साथ आली, माणसं गेली. ते कोणत्या खात्यात लिहायचं? आणि खाली शिरोळ तालुक्यातला शेतकरी, ज्याचा या कापडाशी काडीचा संबंध नाही, तो आपण घाण केलेलं पाणी उपसून उसाला देतो.

तमिळनाडूत तिरुपूरला हेच झालं. तिथल्या डाईंगच्या पाण्यानं नोय्यल नदी आणि ओरतुपाळयमचं धरण असं खारावलं की शेतीसाठी बांधलेल्या त्या धरणाचं पाणी शेतकऱ्यांनाच नको झालं. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथली रंगाईची युनिट बंद करायला लावली. हजारोंचं काम थांबलं. पुढं पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत आली, मीठसुद्धा परत मिळवून वापरायला लागले. रंगाई महागली, पण धंदा उभा राहिला. मात्र वेळेवर पैसे घातले असते तर मजुरांच्या चुलीवर ती वेळ आली नसती. धंदा बंद पडतो तेव्हा सगळ्यात आधी रोजंदारीवाला रस्त्यावर येतो, मालक नाही. पर्यावरणाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही हे विसरू नये, मला फार कळकळीनं वाटतं.

प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्येच आपल्या कायद्याचा भाग मानलं. 2017 मध्ये त्याच न्यायालयानं नगरपालिकांनाही सांगितलं की सांडपाणी शुद्धीकरणासाठी लागणारा पैसा ती सोय वापरणाऱ्यांकडून उभा करा. प्रश्न असा की करणारा कोण? मला विचाराल तर ज्याचा माल, तो. खळ दिली सायझिंगनं, काढली प्रोसेसनं, पण कापड व्यापाऱ्याचं आहे. म्हणून जॉबच्या बिलात दराखाली एक वेगळी ओळ हवी, पाणी शुद्धीकरण, मीटरमागे इतके. दराची घासाघीस करताना त्या ओळीला हात लावायचा नाही. पैसा थेट सामुदायिक सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या खात्यात, आणि प्रोसेसवाल्याची आकारणी पाणी किती आणि किती घाण, यावर. जो खळ कमी वापरेल, पाणी फिरवून वापरेल, त्याला कमी. घरगुती पाण्याचा वाटा आपण नागरिकांनी भरायचा.

हे मी एका जुन्या ओळखीच्या व्यापाऱ्याला सांगितलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला, थोडा वेळ हिशेब केला आणि म्हणाला, "सगळ्यांना लावलं तर उद्यापासून देतो. एकट्याला लावलं तर मी मेलो." त्याचं म्हणणं मला बरोबर वाटतं. त्याला एकट्याला मागून चालणार नाही. व्यापाऱ्यांची, प्रोसेसवाल्यांची आणि यंत्रमागधारकांची माणसं आज याच सभागृहात बसलीयत, म्हणून सगळ्यांना एकदम विचारतोय.