पिल्लाच्या पोटात लायटर

नमस्कार मंडळी. आज जरा लांब जायचंय, पार पॅसिफिक महासागरात, हवाईच्या मुख्य बेटांच्याही पुढे वायव्येला मिडवे नावाचं ठिकाण आहे तिथे. जेवत असाल तर आधीच सांगते, पुढे ओकारीचा विषय येणारे.

इथे लेसन अल्बट्रॉस नावाचे समुद्रपक्षी लाखोंनी येतात. पंख पसरले की जवळजवळ साडेसहा फूट, एवढं धूड! पण अंडं घालणार एकच, आणि पिल्लू उडायला पाचेक महिने, तोवर आईबाप आलटून पालटून समुद्रावर जातात, शेकडो किलोमीटर फिरतात आणि पोटात साठवून आणलेलं पिल्लाच्या चोचीत ओततात. काय असतं त्यात? माकूळ म्हणजे स्क्विड, आणि उडणाऱ्या माशांची अंडी.

आता खरी मेख इथेच आहे, हे मासे अंडी चिकटवतात पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूंना. पूर्वी लाकूडफाटा असायचा, समुद्री शेवाळ असायचं, आता बाटलीचं झाकण, सिगरेटचा लायटर, टूथब्रश. पक्षी अंड्यांसकट उचलतो की! लोक म्हणतात, प्लास्टिक कळत नाही का त्याला? अहो, पिढ्यानपिढ्या वर तरंगणारं बहुतेक खायचंच निघालं, त्याला कोण सांगणार?

माकळाची चोच पचत नाही, म्हणून उडायच्या आधी पिल्लू न पचलेल्याचा गोळाच्या गोळा ओकून टाकतं. असा वाळलेला गोळा उकलला ना, की माकळाच्या काळ्या चोची निघतात आणि त्यांच्यात गुंतलेले निळे, पांढरे प्लास्टिकचे तुकडे. आता, ओकलं तर सुटलं. नाही ओकलं तर पोट भरल्यासारखं राहतं, खाणं कमी होतं, अंगातलं पाणी आटतं, वजन धरत नाही.

आणि पोटाच्या आत काय होतं ते 2023 साली कळलं. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर शिअरवॉटर पक्ष्यांची पिल्लं तपासली, तर प्लास्टिक सतत घासून जठराच्या अस्तरावर व्रण पडलेले, ते भरताना तिथला भाग कडक झालेला, पाचक रस बनवणाऱ्या ग्रंथी खराब. खाणीत काम करणाऱ्यांना धुळीने फुप्फुसं कडक होऊन सिलिकोसिस होतो ना, तसं याचं नाव ठेवलं, प्लास्टिकोसिस.

बरं, सगळा दोष समुद्रातल्या कचऱ्याचा पण नाही. मिडवेवर अमेरिकन नेव्हीचा तळ होता, 1993 ला बंद झाला, इमारती तशाच उभ्या. त्यांच्यावर शिशाचा जुना रंग, त्याचे पोपडे खाली पडायचे आणि भिंतीलगतच्या घरट्यातली पिल्लं बसल्या जागी ते टिपायची. शिसं नसांवर गेलं की पंख उचलत नाहीत, लोंबतात, पिल्लू जमिनीवर पंख ओढत चालतं. असं पिल्लू कधीच उडत नाही. पुढे रंग खरवडून काढला, माती उचलली, म्हणजे करायचं म्हटलं की होतं, फक्त फार उशिरा सुचतं.

याच मिडवेवर विस्डम नावाची एक मादी आहे. 1956 मध्ये तिच्या पायात कडी घातली तेव्हाच ती मोठी होती, वापरा आणि फेका लायटर बाजारात यायच्या आधीची. 2024 च्या शेवटी सत्तरी ओलांडलेल्या या बाईने अंडं घातलं, जानेवारीत पिल्लू बाहेर आलं, आणि बाई परत समुद्रावर गेली. त्याला भरवायचं होतं ना.