पाच कागदी चिठ्ठ्या

31 मार्च 2022 रोजी सेंट पीटर्सबर्गमधील एका सुपरमार्केटमध्ये किमतीच्या पाच चिठ्ठ्या कोणीतरी बदलल्या. दिसायला त्या शेजारच्या चिठ्ठ्यांसारख्याच होत्या; फक्त जिथे वस्तूचा भाव असायला हवा तिथे युद्धाची वार्ता होती. युक्रेनच्या मारियुपोल शहरातील ज्या कलाशाळेत सुमारे 400 माणसे आश्रयाला होती तिच्यावर रशियन सैन्याने बॉम्ब टाकले, असे त्यांतील एकीवर लिहिले होते. खरेदीला आलेल्या एका वृद्ध महिलेने तक्रार केली आणि एप्रिलमध्ये साशा स्कोचिलेन्को या तरुण चित्रकर्तीला अटक झाली. दीड वर्षाहून अधिक काळ कोठडीत काढल्यावर 16 नोव्हेंबर 2023 रोजी तिला सात वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. कागदाच्या पाच तुकड्यांनी आपले राज्य कोसळेल असे सरकारी वकिलांना वाटत असेल, तर त्यांचा या राज्यावरचा विश्वास किती तोकडा असला पाहिजे, असे तिने न्यायालयातील अखेरच्या निवेदनात विचारले होते.

ज्या कायद्याखाली ही शिक्षा झाली तो युक्रेनवरील आक्रमणानंतर आठव्याच दिवशी, 4 मार्च 2022 रोजी, मंजूर झाला होता. सैन्याविषयी सरकारला अमान्य असलेली माहिती देणे हा त्यामुळे पंधरा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा गुन्हा ठरला. मॉस्कोतील एका प्रभागाचे लोकप्रतिनिधी अलेक्सेई गोरिनोव यांनी मुलांच्या चित्रकला स्पर्धेवरील चर्चेत, युक्रेनमध्ये मुले मरत असताना ही स्पर्धा कसली, असा प्रश्न विचारला. त्यांनाही सात वर्षे झाली. त्या सुनावणीत आरोपीच्या पिंजऱ्यातून त्यांनी हाताने लिहिलेला एक कागद उंच धरला होता: ‘हे युद्ध तुम्हाला अजूनही हवे आहे का?’

शब्दांवरच बंदी आल्यावर लोकांनी शब्द गाळले. कोणी अक्षरांऐवजी नुसत्या चांदण्या काढलेला फलक धरला, तर निझ्नी नोवगोरोदमध्ये एक तरुणी पूर्ण कोरा कागद घेऊन उभी राहिली. पोलिसांनी तिलाही नेले. त्युमेन शहरातील एका महिलेने ‘युद्ध नको’ हे शब्द मधली अक्षरे गाळून रस्त्यावर लिहिले आणि न्यायालयात सांगितले की, आपला विरोध युद्धाला नसून वोबला नावाच्या माशाला आहे. रशियन भाषेत गाळलेल्या जागा दोन्ही शब्दांना तंतोतंत बसतात. न्यायाधीशांनी तो खटला निकालात काढला. वरच्या न्यायालयाला मात्र हा विनोद रुचला नाही.

2022 या एका वर्षात युद्धविरोधी निदर्शनांत 19 हजारांहून अधिक लोकांची धरपकड झाल्याचे ओव्हीडी-इन्फो या मानवी हक्क संस्थेची नोंद सांगते. चौदा कोटींच्या देशात ही संख्या थोडी आहे, आणि बहुसंख्य लोक गप्प राहिले हेही खरे आहे.

सीमेपलीकडे या थोड्यांची वेगळीच परीक्षा होती. मार्च 2022 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियात दिलेली कार्डे परदेशात बंद केली, तेव्हा युद्धाचे समर्थक आपापल्या घरी होते आणि देश सोडून जॉर्जियातील तिबिलिसी किंवा इस्तंबूलच्या भाड्याच्या खोलीत पोहोचलेल्या विरोधकांच्या हाती निरुपयोगी प्लास्टिक उरले. युद्धाचा जाहीर निषेध केल्यानंतरही अलेक्सांद्र मालोफेयेव या वीस वर्षांच्या पियानोवादकाचे मॉन्ट्रियलमधील कार्यक्रम रद्द झाले. मिलानच्या एका विद्यापीठाने दस्तयेवस्कीवरील व्याख्याने पुढे ढकलली, म्हणजे ज्या लेखकाला झारने 1849 मध्ये वधस्तंभापर्यंत नेऊन ऐन वेळी सैबेरियाला धाडले होते त्याची. टीका झाल्यावर तो निर्णय मागे घेतला गेला. 19 सप्टेंबर 2022 रोजी पोलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी रशियन पर्यटकांना सीमा बंद केली. दोनच दिवसांनी मॉस्कोने 3 लाख राखीव नागरिकांना युद्धासाठी बोलावण्याची घोषणा केली, आणि बंदूक हाती घ्यायची नाही म्हणून पळू पाहणाऱ्या अनेकांना जवळची ही वाट मिटलेली आढळली.

आपल्याकडे रशियन माणूस म्हटला की गोव्यातील मोरजीच्या किनाऱ्यावरचा पर्यटक आठवतो, त्यामुळे पारपत्राचा रंग माणसाच्या मताआधी वाचला जातो म्हणजे काय, हे चटकन लक्षात येत नाही. येथे एक भेद मात्र केला पाहिजे. ज्याचे घर क्षेपणास्त्राने पाडले त्या युक्रेनियन माणसाचा रोष, किंवा 2008 मध्ये रशियाशी झालेले युद्ध सोसलेल्या जॉर्जियातील भिंतींवरचे ‘रशियनांनो, परत जा’, यांना दूरच्या सभागृहाच्या सोयीस्कर बहिष्काराशी एकाच तागडीत तोलता येणार नाही. दरम्यान रशियातील अनेक स्वयंसेवक, नाव न सांगता, युद्धामुळे रशियात येऊन पडलेल्या युक्रेनियन कुटुंबांना तिकिटे, रात्रीचा निवारा आणि औषधे पुरवून इवानगोरोदच्या पुलावरून एस्टोनियात पोहोचवत होते.

या धारिष्ट्याला पूर्वज आहेत. चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे शिरल्यानंतर, 25 ऑगस्ट 1968 रोजी भर दुपारी, मॉस्कोच्या रेड स्क्वेअरवर आठ जण फलक उघडून बसले. ‘तुमच्या आणि आमच्या स्वातंत्र्यासाठी’ असे त्यांतील एकावर लिहिले होते. कवयित्री नाताल्या गोर्बानेव्स्काया आपल्या तान्ह्या मुलाला बाबागाडीतून घेऊन आली होती. काही मिनिटांतच त्यांच्यावर झडप पडली. विक्तोर फाइनबर्ग यांचे दात पाडले गेले आणि तो चेहरा न्यायालयात दिसू नये म्हणून त्यांना मनोरुग्णालयात डांबण्यात आले. रशियनांविषयी कटुता बाळगण्याचा अधिकार तेव्हा चेकोस्लोव्हाकियाची राजधानी असलेल्या प्राग शहराइतका क्वचितच कोणाला होता. त्याच शहरातील चार्ल्स विद्यापीठाने 2013 मध्ये गोर्बानेव्स्काया यांना सन्मानपदक दिले.

1 ऑगस्ट 2024 रोजी झालेल्या कैद्यांच्या अदलाबदलीत साशा स्कोचिलेन्को सुटली आणि जर्मनीला गेली. गोरिनोव यांचे नाव त्या यादीत नव्हते. तुरुंगात सहकैद्यांशी झालेल्या बोलण्यावरून त्यांच्यावर दुसरा खटला भरण्यात आला आणि त्यात नोव्हेंबर 2024 मध्ये आणखी तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या सुनावणीला ते छातीवर हाताने काढलेले शांततेचे चिन्ह लावून आले होते.