कोणाची हरकत असल्यास...

[दृश्य: पिवळं पडलेलं, घडीवर विरलेलं वर्तमानपत्राचं पान. कॅमेरा मथळ्यावरून हळूहळू खाली येतो.]

वरचा मथळा सोडा. पहिल्या पानावरचं वॉशिंग्टनचं राजकारण, क्रमशः कादंबरीचं प्रकरण, शेजारची कविता, तेही सोडा. त्यातलं बरंचसं या गावात छापलेलंच नाही. ते कसं, ते पुढे सांगतो. आपल्याला हवाय तो आतल्या पानावरचा, कोपऱ्यातला मजकूर. अक्षर इतकं बारीक, की भिंग लागावं.

‘याद्वारे नोटीस देण्यात येते की, खाली नाव दिलेल्या रहिवाशाने आपल्या जमिनीवरील हक्काचा अंतिम पुरावा सादर करण्याचा मनोदय कळवला आहे.’ मग त्याचं नाव. मग जमीन: सेक्शन १२चा नैऋत्य चतुर्थांश, टाउनशिप अमुक, रेंज तमुक. आणि शेवटी चार शेजाऱ्यांची नावं. हा माणूस इथे खरोखर राहिला आणि त्याने ही जमीन खरोखर कसली, असं शपथेवर सांगायला तयार असलेले चौघे.

[दृश्य: गवताळ सपाटी. झाड नाही, कुंपण नाही.]

हा अमेरिकेतला डाकोटाचा मुलूख. काळ साधारण १८८० ते १९१०. काउंटी म्हणायची जिल्ह्यासारखी, पण माणसं मोजली तर आपल्याकडची दोन-चार मोठी गावं भरतील. आणि अशा काउंटीत कधी कधी तीन-तीन, चार-चार साप्ताहिकं. वाचायला माणूस नाही, तिथे इतकी वर्तमानपत्रं चालली कशावर?

या बारीक अक्षरांवर.

अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. कुटुंबप्रमुखाने, किंवा २१ वर्षं पूर्ण झालेल्या कुणाही नागरिकाने, १६० एकर सरकारी जमीन मागावी. पाच वर्षं तिथे राहावं, घर बांधावं, जमीन कसावी, की ती त्याची. ‘त्याची’ म्हणालो, पण तिचीही: अविवाहित मुलगी किंवा विधवा स्वतःच्या नावावर अर्ज करू शकत होती, आणि अशा बाया या नोटिशींत वरचेवर भेटतात.

जमीन मोजायची रीत आपल्याहून अगदी वेगळी. आपल्याकडे बांध ओढ्याबरोबर वळतो, आणि भावकीच्या वाटणीत आणखी वाकडा होतो. इथे आधी नकाशावर पट्टी ठेवली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन म्हणजे टाउनशिप. अशा चौकोनांची उभी रांग म्हणजे रेंज. एका टाउनशिपचे ३६ सेक्शन, प्रत्येकी ६४० एकरांचे. सेक्शनचा चौथा हिस्सा, तो एका कुटुंबाचा. चतुःसीमा लिहायची गरजच नाही. दोन-तीन आकडे आणि एक दिशा दिली की नेमका तोच तुकडा सापडतो. छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याने एखाद्या आकड्याचा शिशाचा खिळा चुकीचा बसवला, तर मात्र नोटीस शेजाऱ्याच्या जमिनीची व्हायची.

[दृश्य: लाकडी केसमधले शिशाचे खिळे, जुळाऱ्याचा हात.]

वर्तमानपत्रांचं नशीब उघडलं ते १८७९च्या कायद्याने. अंतिम पुरावा देण्याआधी प्रत्येक रहिवाशाने ३० दिवस जाहीर नोटीस दिली पाहिजे, आणि तीही जमिनीच्या सर्वांत जवळ निघणाऱ्या वर्तमानपत्रात. साप्ताहिकात म्हणजे तोच मजकूर पाच-सहा अंकांत. एका नोटिशीचे साधारण पाच-सहा डॉलर. पैसे देणार तो रहिवासीच, आणि न देऊन सांगतो कुणाला? नोटीस नाही तर जमीन नाही.

आता छापखानेवाल्याच्या जागी बसून बघा. मजकूर एकदा जुळवला, की पाच आठवडे त्याला हात लावायचा नाही. पुढची नोटीस आली की नावं, आकडे आणि तारीख बदलायची. बाकीचे खिळे तसेच उभे. नवं शिसं नाही, हाताला काम नाही, आणि दर आठवड्याला पैसे. एक हातयंत्र आणि चार पेट्या खिळे घेऊन माणसं गवतात जाऊन बसली, ती पत्रकारितेच्या ओढीने नव्हे. काही पत्रं तर निव्वळ या नोटिशींसाठीच काढलेली. त्यांना ‘प्रूफ शीट’च म्हणत.

‘सर्वांत जवळचं’ कुठलं, हे ठरवायचा अधिकार जमीन कचेरीच्या रजिस्ट्रारकडे. रजिस्ट्रार राजकीय नेमणुकीचा. दोन गावं, दोन पत्रं, दोन पक्ष. नोटिशी कुणाकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग बाकीची पानं कशी भरायची? त्याचीही सोय झाली होती. १८६१मध्ये, यादवी युद्ध पेटलं तेव्हा, विस्कॉन्सिनमधल्या बाराबू गावचे संपादक ॲन्सेल केलॉग यांचा मदतनीस सैन्यात गेला. त्यांनी मॅडिसन शहरातून एका बाजूने छापलेले कागद मागवले आणि कोऱ्या बाजूवर गावचा मजकूर घातला. पुढे १८६५मध्ये केलॉग यांनी शिकागोत याचाच धंदा सुरू केला. देशभरच्या बातम्या, गोष्टी, विनोद छापलेले गठ्ठे आगगाडीने गावोगाव जाऊ लागले. म्हणून म्हटलं, सुरुवातीचा मजकूर सोडा.

त्या तयार पानांवरच पेटंट औषधांच्या जाहिराती. असल्या औषधांत सर्वांत गाजलेलं नाव लिडिया पिंकहॅम यांचं. बायकांच्या यच्चयावत दुखण्यांवर त्यांचा काढा, आणि त्यात चांगला १८-२० टक्के अल्कोहोल. बाई १८८३मध्ये वारल्या, तरी ‘मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा’ हे जाहिरातीतलं आवतण पुढे कित्येक वर्षं चालूच होतं.

[दृश्य: आतलं पान. लहान लहान चौकटी.]

गावची खरी बोली ऐकायची तर ती छोट्या जाहिरातींत. ‘सापडली आहे’: एक तांबडी कालवड, डाव्या कुशीवर डाग, मालकाने खुराकीचा खर्च देऊन न्यावी. चुकार जनावर दावणीला बांधून गप्प बसणं हा गुन्हा. जाहीर करणं कायद्याने भाग. ‘माझी पत्नी माझं घरदार सोडून गेली आहे, तिच्या उधारीला मी जबाबदार नाही.’ एका वाक्यात अख्खा संसार, आणि तोही फक्त नवऱ्याच्या बाजूने. मला या नोटिशी वाचवत नाहीत आणि वाचल्याशिवाय राहवतही नाही. तिची बाजू सांगणारी नोटीस शंभरात एखादी सापडते.

आणि मग वाद. एखादा रहिवासी सहा महिन्यांहून जास्त काळ जमीन सोडून गेला, तर कुणीही त्याच्या हक्कावर हरकत घ्यावी. हरकत टिकली, तर ती जमीन मागायचा पहिला मान हरकत घेणाऱ्याला, ३० दिवसांपर्यंत. दुष्काळाला कंटाळून माणूस बायकोच्या माहेरी गेलेला; त्याचा पत्ता नाही, म्हणून त्याला बोलावणं याच पत्रात. ज्या गावात तो नाही, त्या गावच्या पत्रात.

लबाडीही होतीच. घर किमान ‘बारा बाय चौदा’ असावं, असा समज. तेव्हा एखाद्याने बारा इंच बाय चौदा इंचांचं खोकं ठेवून शपथ घेतली, असे किस्से आजही रंगवून सांगतात. चाकांवरची झोपडी भाड्याने फिरवल्याचेही. म्हणून तर साक्षीदारांची नावं छापायची: खोटं बोलणार असशील, तर चारचौघांदेखत बोल.

[दृश्य: तीच गवताळ सपाटी. या वेळी जरा जास्त वेळ.]

पण ही हरकत घ्यायची कुणी? नोटीस जिच्याबद्दल आहे, ती जमीन त्याआधी कुणाची होती, हा प्रश्न या मसुद्यात बसत नाही. १८६८च्या फोर्ट लॅरमी तहात लिहिलं होतं, की तिथल्या मूळ रहिवासी लाकोटा लोकांच्या तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या संमतीशिवाय राखीव मुलखातली जमीन घेता येणार नाही. १९०३मध्ये ‘लोन वुल्फ विरुद्ध हिचकॉक’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, असे तह बाजूला सारू शकते. लगेच १९०४मध्ये लाकोटांच्या रोझबड या राखीव मुलखाचा एक भाग, ती संमती नसताना, वसाहतीला खुला झाला. चेंबरलेन गावात चिठ्ठ्या काढल्या. साधारण २,४०० तुकडे, आणि अर्ज लाखाच्या वर. तिथे जे राहत होते, त्यांच्या नावे ‘हरकत असल्यास कळवावे’ अशी नोटीस कुठल्या पानावर शोधायची?

पुरावे देऊन झाले, जमिनी नावावर झाल्या, आणि नोटिशींचा ओघ आटला. प्रूफ शीट बंद पडली, काही पत्रं एकमेकांत विरली. जी टिकली ती शेरीफच्या लिलावावर, थकबाकीदारांच्या यादीवर, मृतांच्या देणेकऱ्यां-घेणेकऱ्यांना दिलेल्या नोटिशींवर.

१९५०मध्ये ‘मुलान’ खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी जे लिहिलं, ते प्रत्येक वाचकाला आधीच ठाऊक होतं: मागच्या पानावरची बारीक अक्षरातली जाहिरात माणसाच्या नजरेस पडली, तर ती केवळ योगायोगाने. ज्याचा पत्ता माहीत आहे, त्याला टपालाने कळवा. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही समन्स पोचत नसेल, तर प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता, तिथल्या वर्तमानपत्रात ते छापायची मुभा आहे. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते’ हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. शेवटपर्यंत वाचलंय कितींनी?

फ्लोरिडाने २०२३पासून सरकारी नोटिशी काउंटीच्या संकेतस्थळावर टाकायची परवानगी दिली. छपाईचे पैसे वाचतात. तिकडे अमेरिकाभरात दोनशेहून अधिक काउंट्यांत आज स्थानिक बातम्या देणारं काहीही उरलेलं नाही.

[दृश्य: अभिलेखागार. तपकिरी पाकीट उघडतं.]

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात होमस्टेडच्या फायली आहेत. पाकिटात अर्ज असतो, साक्षी असतात. घर केवढं, विहीर किती खोल, नांगरट किती एकर, सगळं विचारलेलं आणि लिहून घेतलेलं. आणि त्यातच असतं वर्तमानपत्रातून कापलेलं बोटभर कात्रण, सोबत छापखानेवाल्याचं शपथपत्र: ही नोटीस माझ्या पत्रात इतके आठवडे सलग छापली.

आता पणतवंडं ती पाकिटं मागवतात. पणजोबांचं नाव त्यांना आधीच माहीत असतं. त्यांचं बोट थांबतं ते खालच्या चार नावांवर, आणि एखादी बाई म्हणते, यातल्या तिसऱ्याच्याच मुलीशी आमच्या आजोबांचं लग्न झालं.