अकरा पावत्यांची एक गाडी

(लातूर इथं झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘जुन्या संगणकांवरील कीबोर्डचे बिघाड : निदान व उपाय’ असं छापलंय. एवढं वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एकतर तुम्हाला खरंच रस आहे, नाहीतर या हॉलमधले पंखे चांगले आहेत. मे महिन्यात दुसरं कारण असलं तरी माझी हरकत नाही.

बॅगेत पाना-पेचकस घेऊन मी मराठवाडाभर हिंडलोय. बँका, जिनिंग, साखर कारखाने, सरकारी कचेऱ्या. फोन यायचा तो एकच : “साहेब, कीबोर्ड मेलाय.” जाऊन बघावं तर कीबोर्ड ठणठणीत. तर आज मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. बटण दाबल्यावर पडद्यावर जे अक्षर उमटतं, ते कीबोर्डनं उमटवलेलं नसतं.

टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि बटणं. खरा संगणक पलीकडं, गार खोलीत. (तेव्हा कारखान्यात एमडी साहेबांच्या केबिनला एसी नसायचा, पण संगणकाला असायचा, त्यावरून झालेली भांडणं हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.) तुम्ही छोटा ‘ए’ दाबला की तारेतून ९७ हा आकडा जातो. संगणक तो घेतो आणि तोच आकडा परत धाडतो. तो आला की मग पडद्यावर ‘ए’ दिसतो. याला एको म्हणतात. रजिस्टर पत्राची पोच यायची ना, तसं. पोच हातात आली नाही म्हणून पत्र पोचलंच नाही असं नसतं. पासवर्ड टाकताना काही दिसत नाही, पण जातो की नाही बरोबर? तिथं पोच मुद्दाम बंद केलेली असते.

आता उसाच्या वजनकाट्याची गोष्ट. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी चहा घेऊन यावं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कारखान्याचं नाव सांगत नाही, तिथले सभासद इथं बसलेत. गाळप हंगाम ऐन भरात होता. काट्यावर डिजिटल कंपनीचा व्हीटी २२० टर्मिनल, बाहेर टायरगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत, मळीचा वास, बैल फुरफुरतायत. संध्याकाळी सातला फोन : “साहेब, बटनं दाबायलोय, दाबायलोय, काहीच उमटंना.” त्यांनी तोवर शेजारच्या टर्मिनलचा कीबोर्ड आणून लावला होता. तो चालला. दुसऱ्या दिवशी तोही ‘मेला’. पहिला लावला, तो जिवंत! काटाबाबूंचं मत पडलं की काट्याखाली काहीतरी आहे. नारळ फुटला. मी पोचलो तेव्हा खोबरं वाटणं चालू होतं. मलाही मिळालं.

मी कीबोर्ड जवळ ओढला. वरच्या पट्टीत चार बारके दिवे असतात. ते दिसेनात. तिथं हळदीकुंकवाचा थर! खंडेनवमीला कारखान्यातल्या साऱ्या हत्यारांची पूजा झाली होती, त्यात कीबोर्डांचीही. अगदी मनापासून केलेली पूजा, वर तेलाचं बोट. मी नखानं खरवडलं, तर खाली दिवा पेटलेला : होल्ड स्क्रीन. या कीबोर्डवर एफ-१ म्हणजे पडदा धरून ठेवायचं बटण. दाबलं की टर्मिनल संगणकाला सांगतं, “थांब, आता काही पाठवू नको.” मग पोच परत येणार कुठून?

पण एफ-१ दाबतंय कोण? काट्यावर संध्याकाळच्या पाळीला एक नवा पोरगा होता. नुकताच पीसीचा कोर्स करून आलेला. तिथं शिकवलेलं, अडलं की एफ-१, मदत मिळते. बिचारा अडला की मदत मागायचा आणि पडदा गोठायचा. मग तो घाबरून एंटर दाबत राहायचा. कीबोर्ड बदलला की दिवा विझायचा... नाही, चुकलो. कीबोर्ड बदलताना ते टर्मिनल बंद करून चालू करायचे, त्यानं पडदा सुटायचा. श्रेय कीबोर्डाला!

खरी मजा पुढं. पोच थांबली होती, पण बटणांचे आकडे जातच होते. ऑफिसात डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. तिथला क्लार्क पावत्यांची लांबच लांब माळ घेऊन पळत आला : एकच गाडी, एकच वजन, पावणेदोन टन, अकरा वेळा. म्हणजे एका बैलजोडीनं सव्वाएकोणीस टन ऊस ओढला! गाडीवान बीडकडचा होता. त्यानं शांतपणे बिडी विझवली आणि म्हणाला, “बाबू, आता झालंय ते राहू द्या की.”

दहा पावत्या रद्द करायला सात सह्या लागल्या. शेतकी अधिकाऱ्यांनी तर विचारलं, संगणक घेतलाच कशाला...

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं. निदान व उपाय, पळत पळत सांगतो.

पडदा गोठला तर आधी कंट्रोल-क्यू दाबा. कंट्रोल-एस म्हणजे थांब, कंट्रोल-क्यू म्हणजे चल. आस्कीत, म्हणजे अक्षरांना दिलेल्या आकड्यांच्या यादीत, १९ आणि १७. कागदी पट्टीवर चालणाऱ्या टेलिटाइपच्या, म्हणजे तारेनं अक्षरं धाडणाऱ्या टंकयंत्राच्या, जमान्यातले हे हुकूम, आजच्या लिनक्सच्या टर्मिनलमध्येही चालतात. सेव्ह करायला म्हणून कंट्रोल-एस दाबून रडणारी इंजिनिअरिंगची पोरं मी गेल्याच महिन्यात पाहिली.

एंटर दाबल्यावर टोपी घातलेला एम (^M) उमटतो, ओळ पुढं सरकत नाही? एखादा प्रोग्राम मधेच कोसळून सेटिंग बिघडवून गेलाय. कंट्रोल-जे, मग ‘एसटीटीवाय सेन’ (stty sane), मग पुन्हा कंट्रोल-जे. टाइप केलेलं दिसणार नाही, तरी टाइप करा. म्हणूनच पोचेची गोष्ट एवढी लांबवली.

खोडायला गेलं की टोपीवाला एच येतो? मागं जायच्या बटणाचे दोन आकडे प्रचारात आहेत, ८ आणि १२७. टर्मिनल एक पाठवतंय, संगणक दुसऱ्याची वाट बघतोय. हा १२७ का, तर कागदी पट्टीवर चूक झाली की त्या ओळीतली सातही भोकं पाडायची, आणि संगणकाच्या शून्य-एकच्या मोजणीत ओळीनं सात एक म्हणजे १२७. सुंदर आहे हे, पण वेळ नाही.

सगळं कॅपिटलमध्ये दिसायला लागलं? कॅप्स लॉक चालू ठेवून कुणीतरी लॉगिन केलंय. १९६३ च्या मॉडेल ३३ टेलिटाइपला छोटी अक्षरंच नव्हती. जुनं युनिक्स, म्हणजे तो संगणक चालवणारी प्रणाली, समजतं, असंच गरीब यंत्र आलंय, आणि मोठ्या मनानं सगळंच कॅपिटल करतं. बाहेर पडा, छोट्या अक्षरांत परत या.

बाण दाबले की कंस आणि ए-बी उमटतात? टर्मिनलचा प्रकार चुकीचा नोंदवलाय. अक्षरांऐवजी कचरा येतो? वेग नाहीतर पॅरिटी (आकडा शाबूत पोचला का हे तपासायची खूण) जुळत नाही, दोन्ही टोकांना वेग ९६०० आहे का बघा.

आणि यातलं काहीच नसेल, तर ही पिन. साधी सेफ्टी पिन. टर्मिनलची केबल संगणकाकडच्या टोकाला काढायची आणि पंचवीस टाचण्यांच्या त्या कनेक्टरातल्या दोन आणि तीन नंबरच्या टाचण्या हिनं जोडायच्या. आता टाइप करा. गेलेला आकडा पिनेवरून वळून परत येतो. अक्षर उमटलं तर कीबोर्ड चांगला, पडदा चांगला, तारही चांगली. दोष पलीकडं. नाही उमटलं तर पिन टर्मिनलच्या पाठीशी लावा आणि परत बघा. तिथं उमटलं तर तार तुटलीय. तिथंही नाही, तर मग म्हणा मेला म्हणून.

हीच ती काट्यावरची पिन, तिथं हिचं काम पडलं नाही हा भाग वेगळा. पहिल्या रांगेपासून फिरवतो, बघा आणि पुढं द्या. मागं अंबाजोगाईला फिरवली होती, ती एका मावशींच्या पदराला लागून गेली.