तोलून वाढलेली खिचडी

ओट्यावरच्या डिजिटल काट्यावर साबुदाणा तोलला जात आहे. खिचडी होणार आहे, परंतु तिच्यात दाण्याचे कूट पडणार नाही. जिच्यासाठी ती शिजते आहे, त्या मुलीला फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार आहे. प्रथिनांतील फिनाइलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचे टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करणारे यकृतातील विकर (एन्झाइम) तिच्या शरीरात जवळजवळ कामच करत नाही, आणि रक्तात साठत जाणारे फिनाइलअ‍ॅलनिन वाढत्या मेंदूला कायमची इजा करू शकते.

या विकाराचा उलगडा नॉर्वेतील बोर्ग्नी एगेलंड या आईच्या चिकाटीमुळे झाला. आपल्या दोन्ही मुलांची बौद्धिक वाढ का खुंटली आणि त्यांच्या लघवीला विचित्र वास का येतो, हे ती डॉक्टरांना विचारत राहिली. 1934 मध्ये डॉक्टर आसब्यर्न फोलिंग यांनी त्या लघवीत फेरिक क्लोराइड हे रसायन टाकले, तेव्हा ती हिरवी झाली; तिच्यात फिनाइलअ‍ॅलनिनपासून बनलेले एक आम्ल होते. कारण सापडले, उपाय सापडला नाही.

तो 1951 च्या सुमारास इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात सापडला, आणि तिथेही शीला जोन्स या लहानग्या मुलीची आई डॉक्टर होर्स्ट बिकेल यांच्या मागे लागली होती. बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातील केसीन या प्रथिनाचे विघटन करून ते सक्रिय कोळशातून गाळले आणि जवळपास फिनाइलअ‍ॅलनिनविरहित मिश्रण तयार केले. काही महिन्यांत शीला रांगू लागली, उभी राहू लागली. ही सुधारणा आहारामुळेच आहे का, हे पाहण्यासाठी आईला न सांगता त्या मिश्रणात फिनाइलअ‍ॅलनिन घालण्यात आले, तेव्हा दिवसाभरातच ती पुन्हा डोके आपटू लागली आणि तिला उभे राहता येईना. पुरावा निर्विवाद होता, तरी आईला अंधारात ठेवणे योग्य नव्हते, असेच म्हणावे लागते.

याच उपचारात आणखी एक गोष्ट कळली. हे आम्ल पूर्ण बंद केले, तर शरीर स्वतःचेच स्नायू झिजवून ते मिळवते. म्हणून शीलाच्या आहारात थोडे दूध परत आणावे लागले. वर्ज्य करायचे नाही, मोजून द्यायचे, हेच या आहाराचे खरे अवघडपण आहे. तीव्र स्वरूपाच्या विकारात अनेक मुलांना दिवसाला 250 ते 350 मिलिग्रॅमच फिनाइलअ‍ॅलनिन सोसते, आणि एक ग्रॅम प्रथिनात ते सुमारे 50 मिलिग्रॅम असते. म्हणजे मध्यम आकाराच्या दोन पोळ्यांतच दिवसाचा बहुतेक वाटा संपतो. वरण, दूध, पनीर, अंडी यांना जागा उरत नाही; उरलेली प्रथिनांची गरज खास बनवलेल्या पावडरीतून भागवावी लागते. अस्पार्टेम घातलेली साखरविरहित पेयेसुद्धा चालत नाहीत, कारण पोटात त्यातून हेच आम्ल सुटते.

जन्मानंतर काही दिवसांत टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून निदान झाले आणि आहार लगेच सुरू झाला, तर मेंदूची इजा टळते. भारतात ही तपासणी अजून प्रत्येक बाळाची होत नाही, आणि ती व्हायलाच हवी.

काट्यावर आता बटाट्याच्या फोडी आहेत. 50 ग्रॅम भरल्यावर आई एक फोड काढून ठेवते, वहीत आकडा लिहिते आणि मगच कढईत जिरे टाकते.