चेंडूला हात न लावणाऱ्या गड्याची पारख

मंडळी, मिशिगनमध्ये येऊन मला वीस वर्षं झाली. त्यातली पहिली दहा मी अमेरिकन फुटबॉल सगळे बघतात तसाच बघितला, चेंडूमागे डोळे पळवत. मग शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त हायस्कूल कोचने खोड लावली. म्हणाला, चेंडू सोड, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे उभी राहून त्याला वाचवणारी ती पाच आडदांड माणसं बघ. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला दोन टॅकल. सेंटर निदान चेंडू मागे तरी देतो. बाकीचे चौघे अख्खा सामना खेळून चेंडूला न शिवता घरी जातात.

आता कॉलेजातला असा एखादा पोरगा व्यावसायिक फुटबॉलमध्ये टिकेल का, हे ओळखायचं कसं? फलंदाजाची सरासरी असते, गोलंदाजाचे बळी असतात. या गड्याच्या नावापुढे काहीच नसतं. त्याने काम चोख केलं की काहीच घडत नाही, क्वार्टरबॅक आरामात उभा राहून चेंडू फेकतो. म्हणून स्काउट लोकांना, म्हणजे संघांसाठी पोरं हेरणाऱ्यांना, एकेक खेळी पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघावी लागते.

तुम्हीही बघा. स्नॅपआधी, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देण्याआधी, टॅकल अर्ध्या बैठकीत असतो. आपल्या तालमीतला पैलवान बैठक मारताना मध्येच थांबला तर दिसेल तसा. चेंडू हलला की तो मागे आणि बाहेर सरकतो, बाहेरचा पाय आधी, आतला त्याच्यामागून, आणि दोन्ही पाय एकमेकांजवळ येऊ द्यायचे नाहीत. समोरून सव्वाशे किलोचा डिफेन्सिव्ह एंड, क्वार्टरबॅकला पाडायला, धावत येतोय. त्याच्या छातीवर हात नेमके कधी टाकायचे, इथे खरी गंमत आहे. लवकर टाकले तर तो हात झटकून बाजूने निघतो, उशिरा टाकले तर तोच तुमच्या छातीत शिरतो. हात खांद्याबाहेर गेले, जर्सी धरून ओढली, की होल्डिंग आणि दहा यार्डांचा दंड. आणि एवढं करून तो थेट अंगावर आलाच, तर कंबर खाली घेऊन पाय रोवायचे. बहुतेक जण एक-दोन पावलं मागे ढकलले जातातच. मी बघतो ते तिसरं पाऊल. तिथे थांबला तर पोरगा कामाचा.

हे कुस्तीसारखं वाटलं ना? आहेच. स्टीफन नील नावाचा पैलवान होता. १९९९ च्या कॉलेज अजिंक्यपदाच्या अंतिम कुस्तीत त्याने ब्रॉक लेस्नरला हरवलं. हो, टीव्हीवरच्या कुस्तीतला तोच. नील कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता, तरी न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा गार्ड झाला आणि कितीतरी वर्षं टिकला. पायांची जाण आखाड्यातून आली, बाकीचं कोचने शिकवलं.

माझ्या मते स्काउटपुढचा खरा प्रश्न हाच आहे. पोरात दोष किती हे मोजून काही होत नाही, शिकवून जाणारे दोष कोणते ते ओळखावं लागतं. हात चुकीच्या वेळी पडणं सुधारतं. जड पाय सहसा सुधारत नाहीत. आणि हाताची लांबी तर देवानेच दिलेली.

मोजमापांचं म्हणाल तर दरवर्षी इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे व्यावसायिक संघांपुढची चाचणी, भरतं. पोरांना चाळीस यार्ड पळवतात, उड्या मारायला लावतात, १०२ किलोचा बार जमेल तितक्या वेळा उचलायला सांगतात. मिशिगन स्टेटचा टोनी मँडरिच या सगळ्या आकड्यांत देखणा होता. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडतात तिथे, ग्रीन बे पॅकर्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचललं. त्या ड्राफ्टमधले पहिल्या पाचातले बाकीचे चौघे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले, एकटा हा पडला. कॉलेजात स्टेरॉइड घेत होतो, हे त्याने पुढे २००८ मध्ये कबूल केलं. त्याच्या मागोमाग तिसऱ्या क्रमांकावर आपल्या डेट्रॉइटला त्या चौघांतला बॅरी सँडर्स मिळाला, त्यामुळे इथली जुनी मंडळी मँडरिचवर फारशी रागावलेली नाहीत.

उलटं उदाहरण ओक्लाहोमाचा ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर. २०१८ च्या कंबाइनमध्ये चाळीस यार्डांना ५.८५ सेकंद, बार फक्त १४ वेळा. लोक हसले. पहिल्या फेरीचा समजला जाणारा पोरगा तिसऱ्या फेरीत घसरला, ८३ वा. बॉल्टिमोरने घेतला, आणि २०१९ पासून सलग चार वर्षं तो प्रो बोलसाठी, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंत, निवडला गेला. चाळीस यार्ड सरळ धावायची वेळ टॅकलवर येते तरी कधी? पण त्याचे हात पस्तीस इंचांचे, आणि त्याला वळसा घालायचा म्हणजे गोदामाला वळसा घालण्यासारखं.

चित्रफीत बघतानाही फसगत होते. कॉलेजात बरेच संघ चेंडू झटपट फेकून मोकळे होतात, टॅकलला दीड सेकंद सांभाळलं तरी पुरतं. शिवाय निम्मे प्रतिस्पर्धी पुढे नोकरीधंद्याला लागणारे. म्हणून वर्षभरातले दोन-तीनच सामने बघायचे, समोर उद्याचा व्यावसायिक खेळाडू होता ते. नॉर्थवेस्टर्नच्या रशॉन स्लेटरचं नाव झालं ते २०१९ मध्ये ओहायो स्टेटच्या चेस यंग या डिफेन्सिव्ह एंडसमोर खेळला म्हणून. त्याचा संघ तो सामना ५२–३ असा हरला! स्लेटर पुढचं वर्ष करोनामुळे खेळलाच नाही, तरी २०२१ मध्ये चार्जर्सने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच वर्षी तो प्रो बोलपर्यंत पोचला. त्याचे हात तेहेतीस इंच. टॅकलला चौतीस हवेत, असं ठोकून सांगणारे तेव्हा पुष्कळ होते.

चौतीस का? ज्याचा हात आधी पोचतो त्याच्या ताब्यात समोरचा येतो, इतकं साधं आहे. हात आखूड असला की म्हणतात, गार्ड करा. आत जागा कमी, दोन्हीकडे सोबती. नोट्र डेममध्ये टॅकल खेळलेल्या झॅक मार्टिनला डॅलसने गार्ड केलं आणि त्याच्या पिढीतला सर्वोत्तम गार्ड मिळवला. पण डावीकडच्याला उजवीकडे हलवणं वाटतं तेवढं सोपं नाही बरं का. डाव्या हाताने वरणभात कालवून बघा.

लुइझियाना स्टेटच्या (एलएसयू) विल कॅम्पबेलचं २०२५ मध्ये हाताच्या लांबीवरून असंच झालं. इंडियानापोलिसला हात मोजला, ३२ पूर्णांक ५/८ इंच. महिन्याभराने स्वतःच्या कॉलेजात मोजला, तर ३३. खांद्याच्या हाडावर टेप कुठे टेकवता यावर एवढं इकडे-तिकडे होतं, शिंप्याला विचारा. त्या अर्ध्या बोटावरून महिनाभर वाद चालला, टॅकल की गार्ड. अखेर पेट्रियट्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि डाव्या टॅकलच्याच जागी उभं केलं.